मुळशीकडचा बंगला, दोन रात्री, आठ माणसं: सामान काय न्यायचं?

कोथिंबीरवडी (सोमवार, सकाळी १०.०५)
पंधरा ऑगस्टच्या आधीच्या शनिवार-रविवारी पौडच्या पुढे, मुळशीच्या पाण्याच्या बाजूला एक बंगला ठरवला आहे. शुक्रवारी संध्याकाळी कोथरूडहून निघायचं, रविवारी दुपारी परत. सहा मोठी माणसं (त्यात दोघं सत्तरीची), एक दहा वर्षांचा, एक चार वर्षांची. गाड्या दोन. स्वयंपाक आपला आपण करायचा. मालक म्हणतात, "सगळं आहे, फक्त कपडे घेऊन या." तरी जाणकारांनी यादी सांगावी, शिध्याच्या प्रमाणासकट.

घाटमाथा (सोमवार, सकाळी १०.४०)
"सगळं आहे" या वाक्याला पुणे जिल्ह्यात काहीही अर्थ नाही. ताई, बॅग भरायला घेण्याआधी फोन करा, आणि मालकाला नाही, तिथे राहणाऱ्या केअरटेकरला. मालक वर्षातून चारदा जातो, त्याला गाळणं कुठे असतं तेही माहीत नसतं.

विचारायचं ते असं. वरची टाकी किती लिटरची आणि ती कशावर भरते? लाइट गेली तर किती तास जाते? इन्व्हर्टरला बॅटरी किती, किती जुनी? सिलिंडर भरलेला आहे का आणि दुसरा आहे का? गिझर विजेचा की गॅसचा, आणि कुठे बसवलाय? शेवटचे दोनशे मीटर रस्ता डांबरी, मुरुमाचा की मातीचा? फोनला कुठलं नेटवर्क येतं? फ्रीज चालू आहे का? (असतो नेहमी, पण मे महिन्यापासून बंद ठेवलेला, आतून बुरशी आलेला.)

या उत्तरांवर तुमची निम्मी यादी ठरते. उरलेली पावसावर.

मधली_सुट्टी (सोमवार, सकाळी ११.२०)
रुमाल टाकून ठेवतो. आमचंही याच महिन्यात पानशेतला ठरतंय.

नळ_आणि_तोटी (सोमवार, दुपारी १.१५)
घाटमाथांनी टाकीचं विचारलंय ते सगळ्यात महत्त्वाचं. आठ माणसांचा हिशोब मांडा. आंघोळीला माणशी एक बादली, म्हणजे २० लिटर, झाले १६०. फ्लश माणशी दिवसाला पाचदा, दर वेळी ८ लिटर, झाले ३२०. भांडी, हातपाय, चिखलाचे पाय धुणं धरा शंभर. म्हणजे दिवसाला पावणेसहाशे ते सहाशे लिटर, आणि तेही शॉवर न वापरता. हजार लिटरची टाकी दीड दिवसात संपते. शुक्रवारी संध्याकाळी पोचलात तर रविवारी सकाळच्या आंघोळीच्या वेळी नळातून फुसफुस हवा येणार.

पंप विजेवर असतो. लाइट गेली की पाणीही गेलं. म्हणून पोचल्या पोचल्या, चहाच्याही आधी, टाकी ओसंडेपर्यंत भरून घ्यायची. बाथरूममधल्या सगळ्या बादल्या, घंगाळं, पिंप असेल तर पिंप, तेही भरून ठेवायचं. मग दिवसातून लाइट असेल तेव्हा एकदा पंप लावायचा.

पिण्याचं वेगळं. भर पावसात विहिरीचं पाणी गढूळ येतं, बोअरचंही भरवशाचं नाही. युव्ही फिल्टर लाइट नसेल तर निरुपयोगी. वीस लिटरचे तीन जार पिरंगुटला घ्या, आणि जारवर बसवायचा हातपंप घरून न्या. तो विसरला की वीस किलोचा जार तिरका करून चार वर्षांच्या मुलीच्या फुलपात्रात पाणी ओतावं लागतं, अर्धं जमिनीवर. जार संपलेच तर टाकीचं पाणी दुपदरी सुती फडक्यातून गाळून, खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्यायचं. क्लोरीनचे थेंब वापरणार असाल तर गाळल्यावर टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेंब टाकून उपयोग नाही, क्लोरीन मातीतच खर्ची पडतं.

पिठलंभाकरी (सोमवार, दुपारी ३.३०)
आता शिधा. आधी एक प्रश्न: श्रावण कोण कोण पाळतं आणि शनिवारचा उपास कोणाला आहे? हे तिथे जाऊन कळलं तर साबुदाणा पौडला शोधत फिरावं लागतं.

मुक्काम दोन रात्रींचा असला तरी जेवणं तीनच धरा: शुक्रवार रात्र, शनिवार दुपार, शनिवार रात्र. नाश्ते दोन. रविवारी दुपारचं जेवण वाटेत.

शुक्रवारी रात्री तिथे काहीही शिजवायचं नाही. पोचायला आठ-नऊ वाजतात, भूगावात अडकलात तर दहा. घरून धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. माणशी तीन धपाटे, मुलांना दोन.

शनिवारी सकाळी पोहे: जाडे पोहे ८०० ग्राम, कांदे पाच, दाणे मूठभर जास्तच. उपासवाले दोघं धरले तर साबुदाणा दीडशे ते दोनशे ग्राम, रात्री भिजवायचा. पावसाळ्यात साबुदाण्यावर नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी ठेवा, नाहीतर खिचडीचा गोळा होतो.

दुपारी पिठलं-भाकरी. बेसन ३५० ग्राम. भाकरी माणशी दोन, एका भाकरीला ८० ते ९० ग्राम पीठ, म्हणजे ज्वारीचं पीठ दीड किलो. हे पीठ गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळीच दळून आणा. घरात पंधरा दिवस पडलेलं नेलंत तर विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडेने चिरत जाते आणि दोष तव्याला दिला जातो. थापायला येणारं कोणी नसेल तर केअरटेकरच्या घरून चुलीवरच्या भाकरी मिळतात, पण आदल्या दिवशी सांगायचं आणि पैसे किती ते आधी ठरवायचं. त्या माउलीला बारा वाजता जाऊन "सोळा भाकरी टाका" सांगू नये.

संध्याकाळी भजी तर होणारच. कांदे एक किलो, बेसन अर्धा किलो, तेल तळणीचं वेगळं एक लिटर. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी: तांदूळ ५०० ग्राम, डाळ २५० ग्राम. जास्त करू नका, भजी झालेली असतात.

चहाचा अंदाज सगळ्यांचा चुकतो. पावसात माणशी चार कप दिवसाला धरा. मुलांचा वाटा त्यांच्या दुधात जातोच. दोन दिवसांचे चौसष्ट कप. कपाला ७० मिली धरलं तरी दूध साडेचार लिटर. त्यातल्या दोन लिटरच्या पिशव्या फ्रीझरमध्ये गोठवून न्या, बाकी टेट्रापॅक, म्हणजे फ्रीजचा भरवसा नको. चहापत्ती १५० ग्राम, साखर एक किलो, आलं भरपूर, गवती चहा मिळाला तर जुडी.

केल्याने_होत_आहे (सोमवार, दुपारी ४.०५)
एवढा उपद्व्याप कशाला? केअरटेकरला जेवणाचं सांगा, माणशी पैसे द्या, मोकळे व्हा. सुट्टीला जाताय की लग्नाला आचारी म्हणून?

पिठलंभाकरी (सोमवार, दुपारी ४.२०)
सांगा की. पण सत्तरीच्या दोघांना तिखट चालत नसेल आणि चार वर्षांची वरणभातच खात असेल तर एक शेगडी आणि एक कुकर आपल्या हातात हवाच. आणि कुकर घरचाच न्या, पाच लिटरचा, शिट्टी-गॅस्केट बसवून, घरी एकदा लावून बघून. तिथल्या कुकरचं गॅस्केट वाळून कडक झालेलं असतं, कडेने वाफ जाते, शिट्टीच होत नाही. आपल्या घरचं गॅस्केट नेऊन तिथल्या झाकणाला बसवू म्हणाल तर ते बसत नाही, कंपनी आणि माप वेगळं.

बंगल्यात हमखास नसणाऱ्या वस्तू: सांडशी, चहाचं गाळणं, लायटर, किसणी, धार असलेली सुरी, भाकरीचा लोखंडी तवा. झारा असतो, पण त्याची दांडी हलते. मिसळणाचा डबा जसाच्या तसा उचलून नेऊ नका, उताराला लवंडतो आणि हळद मोहरीत जाते. फोडणीचं सगळं छोट्या फिरकीच्या डब्यांत. मीठ आणि काडेपेटी झाकणाच्या बरणीत, नाहीतर दोन्ही सादळतात. फरसाण, चिवडा एका वेळी संपेल एवढ्या पुड्या करून न्या. एकच मोठं पाकीट फोडलं की तासाभरात मऊ.

सामिष_सभासद (सोमवार, सायं. ६.४५)
श्रावण न पाळणाऱ्यांसाठी: आठ जणांना कोंबडी दीड किलो पुरते, मुलं धरून. कच्ची पुण्याहून नेऊ नका, शनिवारी सकाळी पौडला घ्या. वाटण (कांदा, खोबरं, आलं, लसूण) मात्र घरी भाजून, वाटून, प्लास्टिकच्या पिशवीत चपटं पसरून गोठवा. ते शीतपेटीत बर्फाचंही काम करतं आणि शनिवारपर्यंत सुटतं. सुटा बर्फ टाकू नये, वितळलेल्या पाण्यात कोथिंबीर पोहते. पाण्याच्या बाटल्या गोठवून तळाशी लावा.

सिगडी करणार असाल तर एक किलो चिकनला साधारण एक किलो कोळसा. पेटवायला कापराच्या चार वड्या, वर बारीक कोळसा, वारा घाला. रॉकेल-पेट्रोल नाही. कोळशावर राखेची पांढरी साय धरली की मगच मांस ठेवायचं, काळ्या कोळशावर ठेवलं तर बाहेरून करपतं आणि हाडाजवळ कच्चं राहतं.

वायरमन_बाबू (सोमवार, रात्री ८.३०)
सिगडीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी स्पष्ट लिहितो, कारण या गमतीच्या नाहीत.

एक. पाऊस वाढला म्हणून पेटती सिगडी हॉलमध्ये किंवा बंद व्हरांड्यात आणायची नाही. धगधगणाऱ्या कोळशातून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

दोन. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तो वापरूच नका. पावसाची झड येते म्हणून खिडकी लावून घेतात आणि एकामागून एक आंघोळी सुरू होतात. पहिल्या दोघांना कदाचित काही जाणवत नाही, तिसऱ्या-चौथ्याच्या वेळेपर्यंत खोलीतली हवा बिघडलेली असते. डोकं दुखणं, मळमळ, पायातलं बळ जाणं ही लक्षणं दिसली की दार उघडून माणसाला उघड्यावर आणायचं, गिझर बंद करायचा, १०८ ला फोन. आतून कडी लावू नये हेही सगळ्यांना सांगा.

आता विजेचं. पोचल्यावर मेन बोर्डावरच्या आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबा. खट्कन पडला पाहिजे. पडला नाही किंवा आरसीसीबीच नसेल तर ओल्या हाताने बटणं, विजेचा गिझर, पाण्यात टाकायची कॉइल, सगळं वर्ज्य. दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हातात साधारण अकराशे वॅट-तास येतात. चार पंखे आणि आठ एलईडी म्हणजे ३७० वॅट, तीन तासांत खेळ खलास. दोन पंखे, चार दिवे ठेवलेत तर सहा तास. बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर याच्या निम्मं धरा. केटल, मिक्सर, इस्त्री इन्व्हर्टरवर नाही.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (विजेच्या सामानाचा बाजार) चार्जिंगचे दोन एलईडी दिवे आणि एक पाच मीटरची एक्स्टेंशन घ्या. मोबाइलचा टॉर्च म्हणजे दिवा नव्हे, रात्री बॅटरी संपली की फोनही गेला आणि उजेडही.

मधली_सुट्टी (सोमवार, रात्री ९.००)
इंडक्शन शेगडी नेली तर? सिलिंडरची कटकट नको.

वायरमन_बाबू (सोमवार, रात्री ९.१०)
दोन हजार वॅट ओढते. ग्रामीण फीडरला व्होल्टेज पडलं की ती एरर दाखवून बसते, लाइट गेली की ताटकळते. सिलिंडरच बरा. किती भरलाय ते ओल्या फडक्याने कळतं: बाहेरून पूर्ण पुसा, रिकामा भाग लवकर वाळतो, गॅस असलेला भाग ओला राहतो, मध्ये रेघ दिसते. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला दीडशे-दोनशे ग्राम खातो. तुमच्या तीन जेवणांना आणि चौसष्ट कपांना दोन किलो पुष्कळ. रेघ बुडापासून चार बोटांवर असेल तर दुसरा सिलिंडर मागा. रेग्युलेटर लावल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी लावून नाही.

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ७.५०)
कपड्यांवर कोणी बोललं नाही. तिकडे ऑगस्टमध्ये कपडा वाळत नाही, फक्त कमी ओला होतो. जीन्स नको, जाड टॉवेल नको. पंचे न्या, माणशी दोन. भिजायचा एक जोड ठरवा आणि तोच रोज भिजवा, कोरडे जोड जोडगणिक वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. नायलॉनची दहा मीटर दोरी आणि दोन डझन चिमटे: दोरी हॉलमध्ये पंख्याखाली, झोपायच्या खोलीत नाही. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे, दर दोन तासांनी बदलायचे. म्हणून रद्दी न्या, एक गठ्ठा. भाजी निवडायलाही लागते.

तिथल्या गाद्यांना दमट वास असतो. गोधड्या नेऊ नका, एकदा ओली झाली की मेलं ओझं. सोलापुरी चादरी, आपले अभ्रे, आणि मुलीच्या गादीखाली घालायला मेणकापड. मेणकापड, दोरी, ताडपत्री, सगळं बोहरी आळीत एका फेरीत होतं.

गाडीचं: लाल मातीच्या उतारावर लावायची नाही, मुरुमावर लावायची आणि तोंड बाहेरच्या बाजूला. डिकीत दोन रिकामी पोती ठेवा. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, जितकं फिरवाल तितकं खोल जातं. पोती चाकाला भिडवून पहिल्या गिअरमध्ये हळू काढायची. धुक्यात लो बीम, आणि चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही. पेट्रोल पिरंगुटला भरा. शंभर-दोनशेच्या नोटा ठेवा, रेंज नसली की यूपीआय नाही. नकाशा आधी उतरवून घ्या.

दवंडी (मंगळवार, सकाळी ९.३०)
पाण्यात उतरण्याबद्दल. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ ला (एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली) आणि इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याला १५ जून २०२५ ला (पूल कोसळला) जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहितो. मुळशीच्या पाण्याची कड म्हणजे गाळ. वरून घट्ट दिसतो, पाऊल ठेवलं की गुडघ्यापर्यंत. धबधब्याचं पाणी एकदम मातकट झालं, काड्या-पाला येऊ लागला, की वर जोरात पडलेला आहे, लगेच बाहेर. प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, घाटही अधूनमधून दरड आली की बंद होतो. निघायच्या सकाळी बातम्या बघा.

कोथिंबीरवडी (मंगळवार, सकाळी ११.००)
सगळ्यांना धन्यवाद, वाचनखूण साठवली. साप-विंचू, जळवा यांचं काय? सासूबाईंचा मुख्य आक्षेप तोच आहे.

बाराखडी_डॉक्टर (मंगळवार, दुपारी २.१०)
जळवा निरुपद्रवी. ओढून तोडू नका, नख तिच्या तोंडाशी घालून बाजूला सरकवा. मिठाने सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, दाबून धरा, साबणाने धुवा.

साप: रात्री घरात येणारा मुख्यतः मण्यार. त्याचा दंश दुखत नाही, सुजत नाही, म्हणून झोपेत कळतही नाही. त्यामुळे जमिनीवर अंथरूण नको, कॉटवर मच्छरदाणी आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. बाहेरची चप्पल झटकून घालायची. संडासात जाताना आधी दिवा. दंश झाला तर: आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, वेळ लिहून ठेवा, थेट सरकारी दवाखाना. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं, कुठला चावला हे शोधत बसायची, साप मारून न्यायची गरज नाही. जवळ कुठे प्रतिविष आहे ते केअरटेकरला आधी विचारून कागदावर लिहा.

विंचू लाल असेल आणि डंखानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लहान मुलांत तर अजिबात नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून यातून माणसं वाचतात, पण ते औषध डॉक्टरांनी द्यायचं.

औषधांच्या पिशवीत: सत्तरीच्या दोघांच्या रोजच्या गोळ्या, दोन दिवस जास्तीच्या, त्यांच्याच पाकिटात. मुलीचं पॅरासिटामॉल सिरप, पण बाटलीवर ५ मिलीत १२० मिलिग्राम आहे, १२५ आहे की २५० ते बघून मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरात एक ताकद, प्रवासात दुसरी, असा घोळ होतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला असतं, छोटं ग्लासभर पाण्याला. छोटं पाकीट लिटरभर पाण्यात घालून दिलं तर काही उपयोग नाही.

अवांतर: ओडोमॉस संध्याकाळी सहालाच, डास चावायला लागल्यावर नाही.

कोथिंबीरवडी (बुधवार, रात्री ८.१५)
केअरटेकरदादांशी बोलले. टाकी हजार लिटर, पंप विजेवर. इन्व्हर्टर आहे, बॅटरी "जुनी पण चालते". शेवटचा रस्ता मुरूम. प्रतिविष कुठे मिळेल ते त्यांनी लगेच सांगितलं, लिहून घेतलं. गॅस गिझर बाथरूमच्या आत, खिडकी एवढीशी. मात्र म्हणाले, मागच्या पडवीत तांब्याचा बंब आहे, तो वापरा. आमच्यात कोणी बंब पेटवलेला नाही.

नळ_आणि_तोटी (बुधवार, रात्री ८.५०)
उत्तम. सोपं आहे, क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी पाणी, मग जाळ. वरच्या नरसाळ्यातून तोटीपर्यंत पाणी येईल एवढा भरायचा, तोटीतून थेंब पडला की भरला. कोरड्या बंबाखाली जाळ केलात तर आतल्या नळीचा डाग (झाळलेला जोड) सुटतो आणि बंब गळायला लागतो, दुरुस्तीचे पैसे तुमच्याकडून घेतील आणि बरोबरच घेतील.

मधल्या नळीत वरून कागदाचा बोळा, मग करवंटीचे तुकडे, मग लाकडाच्या बारीक ढलप्या. तिथलं लाकूड ओलं असणार, नुसता धूर होतो. घरून पंधरा-वीस वाळलेल्या करवंट्या फोडून पिशवीत बांधून न्या. खाली राख साचली तर हवा लागत नाही, मधूनमधून काडीने खालची राख ओढायची. अर्ध्या तासात कढत पाणी मिळतं.

पाणी काढताना तोटीखाली बादली ठेवून वरून तांब्या-तांब्याने गार पाणी ओतत राहायचं, तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. म्हणजे बंब कधी रिकामा होत नाही. पहिल्या अर्ध्या बादलीचं पाणी हात घालण्याजोगं नसतं, त्यात गार मिसळून मगच मुलांना. आणि चार वर्षांची पडवीत येणार नाही एवढं बघा, बंबाचं अंग जाळ विझल्यावरही तासभर तापलेलं असतं.

पिठलंभाकरी (बुधवार, रात्री ९.०५)
करवंट्या हव्यात तर नारळ आत्ताच फोडायला घ्या. खोबरं वाटणाला लागतंच आहे.